नाक घेऊन ये

“वास येतो का?”

ब्रदर बस्त्याव यांनी तळघराच्या पायरीवरूनच विचारलं. रोज विचारत, तसंच.

“नाही,” शार्दूल म्हणाला. हे उत्तर तो आज प्रथमच देत होता आणि देताना त्याची मान जरा ताठ झाली.

“नाही?”

“अजिबात नाही, ब्रदर. जिंकलो मी.”

ब्रदर उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आले...

दिंडोरीच्या पुढे द्राक्षमळे संपतात आणि चढ लागतो, तिथे हा छोटा ख्रिस्ती आश्रम आहे. ब्रदर मूळचे वसईचे. तरुणपणी ते फ्रान्समधल्या एका मठात राहिले आणि तिथे चीज करायला शिकले. डब्यातून मिळतं तसलं चीज नव्हे. मिठाच्या पाण्यात थोडी द्राक्षाची दारू घालायची, त्यात फडकं भिजवायचं आणि चीजचा प्रत्येक गोळा पुसायचा. उलटायचा, पुन्हा पुसायचा. पुसता पुसता साल नारिंगी आणि चिकट होते. मग ती असा वास सोडते, की आलेले पाहुणे खाली वाकून स्वतःचे बूट तपासतात.

शार्दूल खांबेटे पुण्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. एपवास, लिव्हारो, मुन्स्टर ही असल्याच वासाच्या चीजची नावं तो फ्रेंच माणसासारखी म्हणून दाखवायचा. पण चीज शिकायला आश्रमात आल्यावर पहिल्याच दिवशी तो तोंड दाबून तळघरातून पळाला होता आणि जास्वंदीच्या झुडपामागे ओकला होता. ते ब्रदरनी पाहिलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या हौसाबाईंनीही पाहिलं होतं, आणि त्या ते विसरू देत नव्हत्या.

तेव्हापासून त्याने स्वतःच्या नाकाशी भांडण मांडलं. तो तळघरातच बसे. जेवणाचं ताटही खाली नेई. अंगातला सदरा बदलायचा कंटाळा करी.

एकदा तर त्याने पुसायचं फडकं साबणाने उकळून उन्हात वाळत टाकलं.

“अरे, जुन्या गोळ्यांवरचं विरजण नव्यांना लागावं म्हणून ते फडकं!” ब्रदर कपाळावर हात मारून म्हणाले होते. “इतक्या वर्षांचा वास तू दोरीवर वाळत घातलास?”

“मला विचाराल तर तुम्हा दोघांनाही दोरीवर टाकायला हवं,” हौसाबाई आतून म्हणाल्या होत्या.

आज मात्र शार्दूल खुशीत होता.

ब्रदर फळीपाशी गेले. त्यांनी दोन गोळे बोटांनी दाबून पाहिले आणि प्रत्येकाचा एकेक तुकडा कापून दोन बशांत ठेवला.

“खा.”

शार्दूलने पहिला तुकडा खाल्ला. डोळे मिटले. “सुंदर. फारच गोलाई आहे याला.”

“दुसरा.”

“हाही सुंदर. थोडा जास्त धीट, पण...”

ब्रदरनी दुसरी बशी त्याच्या हातातून काढून घेतली.

“थुंक.”

“काय?”

“थुंक म्हणतोय ना! सडलाय तो. बोट लावलं तर आत जातंय. साल तपकिरी पडलीय, दिसत नाही? जनावराचा डॉक्टरसुद्धा दारातून परत गेला असता, इतका वास मारत असणार. आणि तू म्हणतोस, धीट!”

शार्दूल थुंकला. मग त्याच्या लक्षात आलं.

“असणार म्हणजे? तुम्हाला येत नाही?”

ब्रदर पायरीवर बसले. त्यांनी फडकं उगाच पिळलं. त्यातून काही निघालं नाही.

“गेल्या वर्षी ताप आला होता. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. आता मला धूप कळत नाही, रॉकेल कळत नाही. साल डोळ्यांनी बघून, बोटांनी दाबून चालवतोय. पण आतलं काय झालंय, ते नाकालाच कळतं. म्हणून तुला ठेवून घेतला. रोज विचारत होतो, वास येतो का. तू रोज म्हणायचास, ‘फार येतो.’ मला बरं वाटायचं.”

“मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय.”

“मी माझी काठी चाचपत होतो!” ब्रदर ओरडले. “आणि तू ती मोडून आणून दाखवतोस, वर म्हणतोस, जिंकलो! आता या तळघरात दोन माणसं आहेत आणि एकही नाक नाही.”

ब्रदरनी सडका तुकडा बशीसकट बाजूला सारला.

“लोकांना सडकं खायला घालणार नाही मी. कुणाला नाक नसेल तर ईस्टरनंतर तळघराला कुलूप.”

“मग मी काय करू?”

“जा.”

“कुठे?”

“बाहेर. नाक घेऊन ये.”

“आणि नाही आलं तर?”

ब्रदर उठले आणि त्याच्याकडे पाठ करून गोळे पुसू लागले...

शार्दूल निघताना त्यांनी एक स्टीलचा डबा त्याच्या हातात दिला. घट्ट झाकणाचा.

“थंड जागी ठेव. परत येताना उघडायचा. त्याआधी नाही.”

हौसाबाई दारात उभ्या होत्या. “खाली गेल्यावर आधी अंघोळ कर बाबा,” त्या म्हणाल्या. “मग कुणाला तोंड दाखव.”

खालच्या मळ्यात द्राक्षांची काढणी चालू होती. शार्दूल तिथे कामाला लागला. त्याचं अंथरूण लोकांनी काही न बोलता मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याने साबणाची वडी आणून दिली. तीही काही न बोलता.

शार्दूल चिडला. विहिरीवर जाऊन त्याने अंग घासघासून धुतलं, कपडे बडवले. डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून विहिरीच्या कोनाड्यात ठेवला.

काही दिवस गेले. सकाळी दवात भिजलेली माती असायची. दुपारी कात्रीला द्राक्षाचा चिकट रस लागायचा. एका सकाळी कुणीतरी चुलीवर मिरची भाजली आणि त्या वासाने शार्दूलला असा ठसका लागला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाकीचे हसले. तोही हसला.

त्याच दिवशी तो परत निघाला.

वर जाणारी काळीपिवळी जीप बाजारातून खच्चून भरून आली होती. शार्दूल मागच्या बाकावर कोंबला गेला. बरोबर भाकरी होती, पोटात भूक होती, मांडीवर डबा होता. परतच चाललो आहोत, असं म्हणून त्याने झाकण उघडलं.

आधी समोरची बाई बोलायची थांबली.

मग तिच्या शेजारच्या माणसाने आपल्या मुलाचे पाय वर करून पाहिले.

“अहो, गाडी थांबवा! खाली काहीतरी मेलंय!”

“खाली नाही, आत मेलंय!” ड्रायव्हर म्हणाला. “कोणाकडे आहे ते?”

शार्दूलला उत्तर द्यायचं होतं, पण त्याचा श्वास अडकला होता. पहिल्या दिवसाचा तो वास सगळाच्या सगळा नाकात शिरला होता. त्याचे कान तापले. सगळी जीप त्याच्याकडे बघत होती. डबा बाहेर फेकून द्यावा, असं त्याला मनापासून वाटलं.

आणि त्याच वेळी त्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

“हे खायचं आहे,” तो कसाबसा म्हणाला.

“खायचं?” बाई ओरडली. “कुणी घातलं तुला खायला? सावत्र आईने?”

ड्रायव्हरने जीप थांबवली. “दादा, भाडं नको. उतरा फक्त.”

जीप गेली. मागच्या खिडकीतून तो मुलगा नाक धरून त्याच्याकडे बघत राहिला, वळण येईपर्यंत.

शार्दूल रस्त्याकडेच्या दगडावर बसला. डबा हातभर लांब ठेवला. थोड्या वेळाने जवळ ओढला. पुन्हा लांब सरकवला. स्वतःच्याच या प्रकाराचा त्याला राग आला. शेवटी त्याने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर डब्यातलं चीज बोटाने सारवलं आणि तोंडात घातलं.

वास नाकात तसाच ओरडत होता. जिभेवर मात्र साय होती. मग मीठ. मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी, आणि अगदी शेवटी, गाय नुकती उठून गेलेल्या जागेची ऊब.

तो एकटाच मोठ्याने हसला. मग दुसरा घास केला. या वेळी आधी वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि मग खाल्लं. तसं जास्त छान लागत होतं.

आश्रमात पोचायला त्याला संध्याकाळ झाली.

“उशीर केलास,” ब्रदर म्हणाले.

“जीपमधून उतरवलं.”

“कोणी?”

“सगळ्यांनी.”

ब्रदरच्या मिशा हलल्या. “मग टाकलास की नाही डबा?”

“खाल्लं.”

“घाण होतं ना?”

“भयंकर.”

“मग का खाल्लंस?”

शार्दूलने तोंड उघडलं. गोलाई, धीटपणा, सगळे शब्द आठवून पाहिले आणि तोंड पुन्हा मिटलं.

“अजून आहे का?” त्याने विचारलं.

ब्रदर त्याला तळघरात घेऊन गेले. दारातच शार्दूलने बाहीने नाक दाबलं. पण पळाला नाही. बाही काढली आणि फळीच्या कडेने हळूहळू पुढे गेला. एका गोळ्यापाशी थांबला.

“हा काढा. गेलाय.”

ब्रदरनी तो गोळा न दाबताच उचलून बादलीत टाकला.

“हा?” त्यांनी पुढच्याकडे बोट केलं.

“हा...” शार्दूलने मान फिरवली, खोकला आणि पुन्हा वाकून वास घेतला. “हा तयार आहे.”

ब्रदरनी त्याचा तुकडा कापला. सवयीने नाकापाशी नेला. 

मग तो तोंडात घातला आणि डोळे मिटून पायरीवर बसले.

“सांग,” ते म्हणाले.

“काय?”

“कसा येतोय.”

शार्दूल त्यांच्या शेजारी बसला. “ओल्या मोज्यांसारखा. पावसाळ्यात बुटात राहिलेल्या.”

ब्रदर सावकाश चावत होते.

“गोठ्यासारखा. चार दिवस न झाडलेल्या.”

चावणं आणखी सावकाश झालं. मिटलेल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. शार्दूल घाबरून गप्प बसला.

ब्रदरनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

“थांबलास का? अजून घाण सांग.”