टिटव्यांचं बेट

समोर खाडीच्या मध्यावर वाळूची लांबट पाठ दिसते ना, ते टिटव्यांचं बेट. भरतीतही त्याचा माथा कोरडा असतो. होळीपासून पिल्लं उडेपर्यंत तिथे माणसाचं पाऊल पडत नाही. तेव्हा पाहुणे, आपली होडीही इथूनच माघारी वळेल.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. बेटाभोवतीच्या चिखलात तिसऱ्या अमाप, आणि त्या शिंपल्यांवरून अलीकडच्या कोंडसरचं नि पलीकडच्या वावळोलीचं हाडवैर. कोंडसरचा तांडेल, म्हणजे गावाचा पुढारी, हिराजी. त्याच्या थोरल्या मुलाचा डोळा वावळोलीकरांच्या काठीनं गेला होता. त्या चैत्रात हिराजीनं निरोप धाडला, ‘ओहोटीला या, काय तो निकाल लावू.’

दोन्ही गावं काठ्या घेऊन बेटावर उतरली. माथ्यावर टिटवीच्या एका जोडीची तीन पिल्लं होती. नर माणसांच्या डोक्यांवर झेपावू लागला, मादी पंख मोडल्यासारखी लोळत त्यांना दूर नेऊ पाहत होती. कुणी लक्ष दिलं नाही. घाबरून एक पिल्लू पळालं ते थेट बेटाच्या टोकाला, दुसऱ्या जोडीच्या हद्दीत. ती जोडी त्याला टोचू लागली. आईबाप ओरडत तिकडे धावले. उरलेली दोन पिल्लं माणसांच्या पायांत, वाळूला चिकटून बसलेली.

ती वावळोलीचा तांडेल पदाजी याला दिसली. त्यानं काठी टाकली, हिराजीच्या पुढ्यातच गुडघे टेकले आणि पिल्लांवर दोन्ही हातांचा आडोसा धरला. त्याची मान उघडी पडली. हिराजीची काठी वर गेली.

“मार, हिराजी,” पदाजी म्हणाला, “पण आहेस तिथूनच मार. पाऊल पुढे टाकू नकोस.”

काठी कितीतरी वेळ तशीच वर होती, असं सांगतात. टोकाशी चारही टिटव्या एकमेकींवर तुटून पडल्या होत्या. अखेर आईबाप परतले, मागोमाग लंगडत पिल्लू. मादीनं पदाजीच्या हातावर चोच मारून रक्त काढलं. त्यानं हात बाजूला घेतले, तशी दोन्ही पिल्लं तिच्या पंखाखाली शिरली.

“माझ्या पोराचा डोळा परत येणार नाही,” हिराजी म्हणाला.

“नाही येणार. तो वार माझ्या धाकट्या भावाचा. उद्या त्याला घेऊन तुझ्या दारी येतो.”

हिराजीनं काठी वाळूवर ठेवली.

आजही पिल्लं उडाली की दोन्ही गावचे तांडेल बेटावर जातात. एक गुडघे टेकून वाकतो, दुसरा त्याच्या मानेवर काठी उगारतो आणि मग ती खाली ठेवतो. त्यानंतरच दोन्ही गावं मिळून तिसऱ्या काढतात. गेल्या साली वाकायची पाळी माझी होती. खोटं कशाला सांगू, काठी वाळूवर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मला श्वास घेववला नाही.