दोन सूर खाली

एकदा एका बंदराच्या गावी एक वृद्ध गानगुरू राहत असत. गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे. बाई शिकवीत ते गाणे मात्र आपल्याकडचे नव्हे. ऑपेरा नावाचे पाश्चात्त्यांचे एक संगीतनाटक असते. त्यातली पात्रे बोलतच नाहीत. प्रेम, भांडण, कटकारस्थान, जे काही करायचे ते गाऊन करतात. पोटात खंजीर बसला तरी माणूस पंधरा मिनिटे गाऊन मगच प्राण सोडतो. आणि हे सगळे ध्वनिक्षेपकाशिवाय, समोर पन्नास-साठ वाद्ये वाजत असताना. गंमत वाटते खरी, पण गाणाऱ्याच्या गळ्याची त्यात सत्त्वपरीक्षा असते.

तरुणपणी बाई परदेशच्या रंगभूमीवर गायल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी टेकडीवरच्या घरात पियानो मांडला आणि पुढची चाळीस वर्षे मुले घडवली. दूरच्या एका थंड देशातले मोठे नाट्यगृह दरवर्षी काही तरुण गायकांना दोन वर्षांसाठी ठेवून घेई. त्यांना राहायला खोली मिळे, शिकवायला गुरू मिळत आणि शिकता शिकता खऱ्या प्रयोगांत लहान लहान भूमिकाही मिळत. तिथून तयार होऊन निघालेल्याला जगातली नाट्यगृहे बोलावून घेत. त्या नाट्यगृहाचा बाईंवर असा विश्वास होता, की त्यांचे पत्र गेले म्हणजे त्या मुलाची जागा पक्की समजावी.

बाईंच्या शिष्यांत केतकीचा आवाज सर्वांत सरस होता. ती बाजारपेठेतल्या एका शिंप्याची मुलगी. वय तेवीस. गेली सहा वर्षे एकही दिवस न चुकवता ती टेकडी चढत होती. बाईंनी सांगावे आणि केतकीने करावे, हा क्रम कधी मोडला नव्हता. तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

आणि तरीही दोन वर्षांपूर्वी बाईंनी परदेशी पाठवले ते लॉरेन्सला. हा मुलगा प्रत्येक गाण्याच्या लयीवरून बाईंशी वाद घालायचा. मागच्या वर्षी गेली ती ऋतुजा. तिला थोडी सर्दी झाली की ती सरळ निरोप धाडायची, आज गाणार नाही. हे पाहून केतकीला रडू कोसळले होते. कुणालाही कोसळले असते. शेवटी धीर करून तिने विचारले, "बाई, माझं काय चुकतं?"

"चुकत काही नाही. एक धडा राहिलाय."

"मग शिकवा ना."

"मी शिकवला तर त्याचा उपयोग नाही," बाई म्हणाल्या आणि पियानोवरची धूळ पुसू लागल्या.

केतकीने यातून आपल्यापुरता अर्थ काढला. आपण आणखी आज्ञाधारक व्हायला हवे, असे तिने ठरवले. बिचारी.

त्याच सुमारास गावातल्या सुपारीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने, म्हणजे शेठनी, धक्क्याजवळ नवे सभागृह बांधले. बाईंच्या शिष्यांना परदेशी धाडण्यात शेठचा हातभार असे, त्यामुळे उद्घाटनाचा मान बाईंच्या शाळेकडे आला. सोमवारी सकाळी बाईंनी केतकीला एक जाड वही दिली.

"शुक्रवारी संध्याकाळी तू हे गा. राणीची भूमिका आहे."

केतकीने वही उघडली. सूडाने पेटलेल्या राणीचे ते गाणे होते, स्त्रीच्या आवाजासाठी रचलेले अत्यंत अवघड गाणे. पहिल्याच वर्षी बाईंनी सगळ्या वर्गाला बजावले होते, की ही भूमिका चाळिशीच्या आत कुणी हातात धरायची नाही. गळा पक्का व्हायच्या आधी ती गायली तर गळा खाऊन टाकते. हे वाक्य केतकीने तारखेसह लिहून ठेवले होते. तिने बाईंकडे पाहिले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"हो बाई," केतकी म्हणाली.

सराव सुरू झाला. पियानोवर नेहमीचे मास्तर बसत. पहिल्या दिवशी केतकी गायली, आणि ठीक गायली. दुसऱ्या दिवशी घसा खवखवू लागला. बुधवारी रात्री जेवताना आवाज घोगरा आला. गुरुवारी वडिलांच्या दुकानात काजे करत बसली असताना तिने एका दासीचे हलकेफुलके गाणे गुणगुणायला घेतले. हे गाणे तिच्या अगदी गळ्यातले होते. त्यातला वरचा सूर, जो रोज हाक मारल्यासारखा यायचा, तो त्या दिवशी आलाच नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नुसती हवा निघाली.

ती घाबरली. वडिलांना म्हणाली, "बाबा, उद्याचं गाणं मला झेपेल असं वाटत नाही."

वडिलांनी मशीन थांबवले नाही. "हो म्हणालीस ना बाईंना?"

"म्हणाले."

"मग झालं. गुरूला आणि गिऱ्हाइकाला माघारी पाठवू नये."

हा त्यांचा बाणा होता आणि तो त्यांनी जन्मभर पाळला होता. दुकानात छतापर्यंत कापडांची गाठोडी रचलेली असत. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई तरातरा आत आल्या. "काका, माझा ब्लाऊज?"

"झालाच आहे. फक्त हातशिलाई राहिली. उद्या नक्की."

"उद्या काय करू त्याचं? लग्न काल झालं."

वडिलांनी ओशाळून टेप गळ्यातून काढली आणि पुन्हा गळ्यात घातली. त्या बाई काही कजाग नव्हत्या. खाली बसत दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "काका, तुमचा हात सोन्यासारखा आहे हो. पण पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असतात तर मी दुसरीकडे टाकलं असतं. तुमच्या 'हो'ने माझा घात केला."

केतकीच्या हातातली सुई थांबली. वडिलांचा चांगुलपणा तिने लहानपणापासून पाहिला होता. त्या चांगुलपणापायी कुणाचे काय होते, ते मात्र आज पहिल्यांदा दिसले.

शुक्रवारी सकाळी ती टेकडी चढून गेली. तिथे शेठही आले होते. निमंत्रणपत्रिकेवर त्यांनी राणीचे चित्र छापून घेतले होते, ते मास्तरांना कौतुकाने दाखवत होते.

केतकी म्हणाली, "बाई, घसा जरा बसल्यासारखा वाटतोय."

"मध चाट."

"तयारीसुद्धा म्हणावी तशी झाली नाही."

"संध्याकाळ व्हायला अवकाश आहे."

"आणि उद्घाटनाला एवढं सूडाचं वगैरे गाणं, लोकांना आवडेल का?"

"लोकांचं शेठ बघतील."

"मग… बघते मी. जमलं तर…"

"जमलं तर म्हणजे काय? गाणार आहेस की नाहीस?"

आपल्या भाषेत नकार देण्याचे शंभर प्रकार आहेत आणि त्यांतल्या नव्व्याण्णवांत 'नाही' हा शब्दच येत नाही. केतकीचे ते सगळे वापरून संपले. तिच्यासमोर बाई उभ्या होत्या, आणि बाईंच्या एका पत्रावर तिचे सगळे आयुष्य अवलंबून होते. या क्षणी तोंडातून जे निघेल त्याने ते पत्र कायमचे हातचे जाणार, याबद्दल तिला शंका नव्हती. पण काल न आलेला तो सूरही तिला आठवत होता. 

"नाही, बाई," ती म्हणाली. "ही राणी मी गाणार नाही. माझा आवाज अजून तिच्याएवढा झालेला नाही. संध्याकाळी मी दासीचं गाणं गाईन, आज जमेल तेवढ्या पट्टीत. ते माझं आहे."

शेठच्या हातातली पत्रिका तशीच राहिली. "ही गुरूला नाही म्हणते? आमच्या वेळी गुरूपुढे मान वर करायची हिंमत नव्हती."

 बाई मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, राणीची सुरुवात खऱ्या पट्टीत वाजवा."

मास्तरांनी वाजवली. ती केतकीने चार दिवस गायलेल्या पट्टीहून चांगली दोन सूर वर होती.

"तुझ्या गळ्याला कायमची इजा होऊ नये, म्हणून हे चार दिवस माझ्या सांगण्यावरून मास्तर दोन सूर खाली वाजवत होते," बाई म्हणाल्या. "तुझ्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही काहीतरी विचार करूनच केलं असेल, असं वाटलं."

मास्तरांना हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी केतकीला जवळ बसवले.

"ऐक. सव्विसाव्या वर्षी मी हीच राणी गायले. मुख्य गायिका आजारी पडली होती. नाट्यगृहाचे संचालक स्वतः माझ्या खोलीशी आले. मोठा माणूस, मला वडिलांसारखा. त्यांना नाही कसं म्हणायचं? अकरा प्रयोग केले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाराव्या प्रयोगाला तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. मी गावच्या ओढीने परत आले असं सगळे समजतात. मी परत आले, कारण तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तुलाही तिथे कुणी दुष्ट माणूस भेटणार नाही. जो तो प्रेमानेच मागेल. एवढं एकदाच गा, एवढी एकच भूमिका कर, आमची अडचण समजून घे. तेव्हा मी जवळ नसेन. लॉरेन्स माझ्याशी भांडायचा म्हणून त्याला मी निर्धास्त धाडलं. तुझ्याबद्दल मात्र भीती वाटत होती. जिला मला नाही म्हणता येत नाही, तिला जगात कुणालाच म्हणता येणार नाही. आणि हे मी तुला शिकवलं असतं, तर तू तेही माझी आज्ञा म्हणूनच केलं असतंस."

केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. सहा वर्षांत बाईंनी तिच्या डोक्यावरून कधी हात फिरवला नव्हता, तो त्या दिवशी फिरवला. मग त्यांनी शेठकडून पेन मागून घेतले आणि पत्र लिहायला बसल्या.

संध्याकाळी केतकी दासीचे गाणे गायली. आवाजावर थकवा होता, म्हणून मास्तरांनी पट्टी खाली घेतली, आणि या वेळी तसे तिने स्वतःच आधी सांगितले होते. मालकिणीची नक्कल करणाऱ्या त्या खट्याळ दासीला सगळ्यांत मोठ्याने हसले ते शेठ. घरी जाताना म्हणाले, "राणीपेक्षा हीच बरी. राणी फार रागीट असणार."

केतकी त्या थंड देशात गेली. पहिले वर्ष दासी, मैत्रिणी, बाजारातल्या फुलवाल्या अशा भूमिका करण्यात गेले. दुसऱ्या हिवाळ्यात, प्रयोगाला दोन दिवस उरले असताना, मुख्य गायिका तापाने आडवी झाली. संचालिकाबाई केतकीच्या खोलीवर आल्या. राणीचे गाणे तुला ठाऊक आहे, तू उभी राहा, उद्या तुझे नाव सगळ्या वर्तमानपत्रांत असेल, असे त्या म्हणाल्या. फार मायेने म्हणाल्या.

"नाही," केतकी म्हणाली. "पंधरा वर्षांनी विचारलंत तर आनंदाने गाईन."

दुसरीच एक गायिका उभी राहिली. तिचे नाव खरोखरच सगळ्या वर्तमानपत्रांत आले. केतकीने ती वर्तमानपत्रे वाचली आणि उशीत तोंड खुपसून रडली. आपण शहाणपणा केला की नुसता भित्रेपणा, हे तिला कळेना. तिने बाईंना फोन लावून सगळे सांगितले. बाईंनी ऐकून घेतले, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. तेवढ्या एका शब्दातून केतकीला काहीच समजले नाही.

तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. "अगं, तुला एवढी कसली मोठी भूमिका मिळाली?"

"मला? कुठे काय मिळालंय?"

"असं कसं? आज बाई स्वतः टेकडी उतरून आल्या. हातात काठी, बरोबर पेढ्यांचे डबे. बाजारपेठेतलं एक दुकान सोडलं नाही त्यांनी. शेठनी विचारलं, केतकीला कुठली भूमिका मिळाली? तर बाई म्हणाल्या, राणीची मिळत होती, तिने घेतली नाही."

 केतकीने विचारले, "मग शेठ काय म्हणाले?"

"काय म्हणणार?  आणखी एक पेढा घेतला."

केतकी हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि संध्याकाळच्या प्रयोगाला निघाली. तिला त्यात चारच ओळी होत्या.

मुलांना दूर पाठवताना आपण लोणचे, स्वेटर आणि औषधांची पिशवी आठवणीने बांधून देतो. आपल्यालाच कधीतरी 'नाही' म्हणण्याची मुभाही त्यांना घरातूनच मिळाली, तर बरे.