उद्यापन राहिलेलं घर

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध प्राध्यापिका बाईंसोबत डोंगरापलीकडच्या एका घरी गेली. घराघरांतल्या मनोव्यथांचं संशोधन करण्यात बाईंचं उभं आयुष्य सरलं होतं. "दवाखान्यापर्यंत ज्यांची वाटच जात नाही, त्यांच्या उंबऱ्याशी आपण जायचं," असं त्या म्हणत.

त्या घरची सून, धाकट्या मुलाची बायको, लग्नानंतर वर्षभरातच मुकी झाली होती. सासूने निक्षून सांगितलं, "बाधा आहे. आज तुम्ही बघा, नाहीतर उद्या माहेरी पोचवणार कायमची." शिष्येने वहीत नोंदलं, रुग्ण एक.

भर दुपारी पानं वाढली. घरची माणसं चार, पाहुण्या दोन. पानं मात्र सात. कुणी अवाक्षर बोलेना. सगळ्यांच्या भातावरची वाफ सरळ वर जात होती. सातव्या पानावरची तेवढी सुनेकडे झुकत होती. आणि सून त्या रिकाम्या पाटाकडे वळून नुसते ओठ हलवत होती.

सासरे बायकोकडे बघत हळूच म्हणाले, "हिने चातुर्मासात मौनभोजनाचं व्रत धरलं, अन् त्याच वर्षी थोरला विहिरीत गेला. उद्यापन राहिलं ते राहिलंच. पाच वर्षं झाली."

हे ऐकताच बाई आपल्या पानावरून उठल्या, त्या रिकाम्या पाटावर जाऊन बसल्या आणि त्यांनी घास उचलला.

"उठा! उठा आधी!" सासू किंचाळली. "अहो, माझ्या मुकुंदाचं पान आहे ते!"

त्या भिंतींनी ते नाव पाच वर्षांनी ऐकलं. बाईंनी घास खाली ठेवला, हात जोडले. "चुकलं माझं. कसा होता हो मुकुंदा?"

"कसा म्हणजे? द्वाड मेला! कढी अशी भुरकायचा की हे ओरडायचे..." सासूला हसू फुटलं, मग हुंदका.

तेवढ्यात एक खरखरीत आवाज आला. सुनेचा. "आई, मी रोज त्यांच्या शेजारी जेवते. ते कसे होते, हे मला कुणी सांगितलंच नाही. नुसती भीती वाटायची."

सासूने तिला पोटाशी धरलं. "कुठे जायचं नाही तू."

निघताना शिष्या म्हणाली, "बाई, तुम्ही तर त्या मुलीला तपासलंदेखील नाही."

"दुखणं एकटीचं नव्हतं गं. घराने गिळलेला शोक, जी सर्वांत नवी, जिला विचारायचा हक्क नाही, तिच्या माथी आला. ओझ्याची वाटणी घरात अशीच होते, जगातही अशीच. आधी ती वाटणी सारखी करावी; मग औषध."

मागून घरातल्या बोलण्याचा आवाज येऊ लागला होता. सासूचा, सुनेचा, सासऱ्यांचा, धाकट्याचा. मधेच आणखी कुणीतरी मोकळं हसलं. शिष्येने वळून पाहिलं नाही. तिने जागीच हात जोडले.