लाल फुली

चूक सगळी म्हाताऱ्या काट्याची.

एका शेडमध्ये सुटे भाग जोडून छोटं विमान तयार झालं. इंजिन ठरलं होतं. उंची सांगायला जुना काटा ठेवायचा की नवा स्क्रीन, हे पहिल्या उड्डाणात ठरणार होतं.

हजार फुटांवर, जिच्या हवेवरून दोघं उंची मोजत ती नळी तुंबली. आत कुंभारीण माशीच्या घरट्याचा चिखल सरकला होता. विमान धुक्यातून उतरू लागलं.

"किती उंच आहोत?" विमानाने विचारलं.

"हजार फूट," काटा म्हणाला. आपण अडकलोय हे त्याला कळत होतं.

स्क्रीनने लाल फुली दाखवली. "मला कळत नाही."

"एवढं सांगायला एवढा झगमगाट?"

"काका, तुम्हीही अडकलात. सांगून टाका."

"आम्हाला शिकवू नकोस."

विमानाने फुली पाहून खाली डोकावलं. बाभळीचे शेंडे चाकांना टेकत होते. इंजिनाने जीव तोडून त्याला वर खेचलं.

भर हवेत 'कळत नाही' म्हणायला छाती लागते. ती त्या पोराकडे होती.

उतरल्यावर काट्याला काढून टाकलं.