जोडे शिवणाऱ्याचं दार

सावली पाहून वेळ मोजायचे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

डोंगराखालच्या एका गावात जोडे शिवणारा एक माणूस राहत होता. घरात दुसरं माणूस नव्हतं. एक म्हातारी शेळी, तिची लेक आणि लेकीची दोन करडं, एवढाच त्याचा संसार.

एका पहाटे लांडग्यानं गोठ्याचं कुजलेलं दार मोडलं आणि शेळीच्या लेकीला नेलं. म्हातारी उरली, दोन नातवंडं उरली. लांडग्याला एकदा वाट कळली की तो पुन्हा येणारच. दिवस मावळायच्या आत नवं दार व्हायला हवं होतं.

गावचा सुतार जत्रेचा रथ बांधायला परगावी गेला होता. पण त्या गावची रीत अशी, की सुतार घरी नसला तर हत्यारांची पेटी ओसरीवर उघडी ठेवायची. ज्याला नड असेल त्यानं न्यावं.

"वहिनी, मी जन्मात लाकडाला हात लावलेला नाही," जोडे शिवणारा सुतारिणीला म्हणाला.

"मग आज लावा, भावोजी. लांडगा काही रथ होईपर्यंत थांबायचा नाही."

त्यानं पेटीतलं मोठं मोठं बघून उचललं. लांब करवत, रंधा, लाकूड तासायचा वाकस आणि सगळ्यांत जड घण.

"देऊळ बांधताय की काय?" सुतारीण हसली. तो लाजला, पण ओझं खाली ठेवलं नाही.

घरी बाभळीच्या चार फळ्या होत्या. दाराला तीन लागणार होत्या. त्यानं पहिल्या फळीच्या अगदी काठावर खिळा धरला आणि घण घातला. फळी उभी चिरली.

आता एकही फळी वाया जाऊन चालणार नव्हतं. तो तिथंच मटकन बसला.

म्हातारी शेळी रवंथ करत जवळ आली. "धनी, कातड्यात सुई कशी घालता?"

"आधी आरीनं भोक पाडतो."

"काठावर?"

"काठावर पाडलं तर कातडं फाटेल. बोटभर आत पाडतो."

"मग त्या फळीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

तो उठला, सगळं ओझं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि सुतारिणीकडे परत गेला. "वहिनी, लाकडात भोक पाडायची आरी असते का हो?"

सुतारिणीनं त्याच्या हातात गिरमिट दिलं. एक हलका हातोडा दिला, एक आखूड करवत दिली. "लाकूड पायाखाली दाबून धरा. करवत तिच्याच वजनानं चालू द्या. बास."

तो घरी आला. फुटलेल्या फळीचे त्यानं दोन आडवे पट्टे कापले. काठापासून बोटभर आत गिरमिट टेकवलं आणि आरी फिरवावी तसं सावकाश फिरवलं. भुसा पडत गेला. भोकात खिळा बसला, फळी चिरली नाही. दुसराही बसला. बिजागऱ्या नव्हत्या, म्हणून त्यानं म्हशीच्या जाड कातड्याचे पट्टे दुहेरी शिवून लावले. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा दार उभं होतं. करडं आत होती, अडसर घातलेला होता.

सकाळी दारावर नखांचे खोल ओरखडे होते. मातीत पंजे उमटले होते, येतानाचे आणि जातानाचे. आत दोन्ही करडं म्हातारीच्या पोटाशी झोपली होती.

आठवड्यानं सुतार परतला. त्यानं दाराला खांदा लावून पाहिलं.

"वाकडं झालंय," तो म्हणाला.

"झालंय खरं."

"पण हलत नाही. माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला असले कातड्याचे पट्टे लावून द्याल का?"

"आणा की," जोडे शिवणारा म्हणाला आणि सरकून त्याला बसायला जागा केली.

नवं काम हाती घेताना मोठं हत्यार शोधू नये. आपल्या हातांना आधीपासून काय ठाऊक आहे ते आठवावं आणि कामापुरतंच उचलावं.