जाळी राख

फार वर्षांमागची गोष्ट आहे आणि देवाशपथ खरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. आता तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता, हे कबूल. पण तेवढ्यानं काही गोष्ट खोटी ठरत नाही. लहान असाल तर विश्वास ठेवा, मोठे असाल तर हसा, पण उठून जाऊ नका.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथं हौसा नावाची एक बाई आली. पाठीवर बोचकं, कमरेला कोयता. घर आणि शेत, दोन्ही पुरानं नेलं होतं. तिनं पाटलाकडे कसायला जमीन मागितली.

गावाबाहेर एक पडीक रान होतं. बोरी, बाभळी, निवडुंग नुसता माजलेला. माणूस आत शिरला तर तो बाहेर यायचा, अंगरखा आतच राहायचा.

पाटील म्हणाला, "हे साफ कर. पाडव्याला सकाळी मी या बांधावर येईन. इथून पलीकडचा हद्दीचा दगड दिसला, तर रान तुझं. नाही दिसला, तर बोचकं उचलायचं."

"दिसला की झालं ना, पाटील?"

"दिसला की झालं."

हौसानं कोयता लावला. वरवर छाटलं तर पावसात दुप्पट फुटतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती कुदळ घेऊन मुळापर्यंत जायची. तळहाताला घट्टे पडले, दोन कोयते मोडले. होळी झाली तेव्हा सगळं रान मोकळं झालं होतं.

राहिली फक्त एक करवंदीची जाळी. रानाच्या मधोमध, पाच झोपड्यांएवढी, हद्दीचा दगड बरोब्बर तिच्या आड. कोयता मारला की उलटा यायचा.

पाडव्याला दोन दिवस उरले असताना ओढ्यापलीकडून एक म्हातारा मेंढपाळ चालला होता. त्याचा सगळा जन्म या डोंगरात गेलेला, पण बोलण्याचा त्याला भारी कंटाळा.

"आजा," हौसानं हाक दिली, "या जाळीचं काय करू?"

"जाळी राख!" तो ओरडला आणि मेंढरांमागे टेकडीआड गेला.

"खरंच की," हौसा म्हणाली. "जाळायची, राख करायची. इतकं साधं मला कसं सुचलं नाही!"

तिनं तोडलेल्या वाळक्या फांद्या जाळीभोवती रचल्या. खापरातून विस्तव आणला, मूठभर गवत पेटवलं आणि ती खाली वाकली. तिथं, काट्यांच्या बुडाशी, एक तितरीण अंड्यांवर बसली होती. ती म्हणाली,

"काय गं, म्हातारा काय म्हणाला?"

"जाळी राख म्हणाला."

"मग राख की!"

"तेच करतेय. जाळते, म्हणजे राख होईल."

"अगं, राख म्हणजे सांभाळ! राखण कर! तुमचीच बोली आता तुम्हाला मी शिकवू होय?"

हौसा चिडली. "जाळी राखली तर परवा मी जाऊ कुठं? तुझ्या घरट्यात?"

"आधी आत तर ये. वाकून ये. इथं सगळे वाकूनच येतात."

हौसानं जाळ पायाखाली विझवला आणि ती रांगत आत शिरली.

आत सशांनी, साळिंदरांनी, कोल्ह्यांनी ये-जा करून बोगद्यासारखी वाट पाडली होती. काट्यांचं छत, त्यातून झिरपणारा हिरवा उजेड. मध्ये ओला खडक, आणि खडकाच्या कुशीत परातीएवढं पाणी. तळाशी वाळूचे कण नाचत होते. खालून कुणी हळूच फुंकर घालावी तसे. झरा जिवंत होता. काठच्या चिखलात सगळ्या रानाची पावलं उमटली होती, कोल्ह्याच्या पावलाशेजारी सशाचं. शेरडांचं तोंड कधी लागलं नव्हतं असं उंबराचं एक रोप वर बघत उभं होतं.

हौसाला ओंजळ भरायचंही धाडस होईना. ती नुसती बसून राहिली.

पाडव्याला पाटील आला, बांधावर उभा राहिला आणि त्याचं कपाळ आक्रसलं. "हौसा, दगड कुठाय?"

"उभं राहून नाही दिसायचा, पाटील. वाकावं लागंल."

"मी वाकू?"

"सगळेच वाकतात तिथं."

पाटील कुरकुरत जाळीत शिरला. पागोटं काट्यानं पहिल्याच वळणावर काढून घेतलं. आत बराच वेळ गेला. मग तो बोडक्या डोक्यानं बाहेर आला. मिशा ओल्या, आवाज एकदम खाली.

"दिसला," तो म्हणाला. "रान तुझं."

खरं तर दगडाकडे त्यानं पाहिलंच नव्हतं.

हौसानं सगळं रान पेरलं आणि जाळी राखली. पुढं दोन सालं पाऊस रुसला, विहिरी तळाला गेल्या, तेव्हा सगळं गाव घागरी घेऊन तिथं रांगत गेलं.

बोध एवढाच: तोडायच्या आधी वाकून आत बघावं.

आता कबुली देतो. यातला एक भाग मी रचलाय. तितरीण बोलली नाही. जाळ चोचीपासून वीतभर होता, तरी ती अंड्यांवरून हलली नाही. नुसती हौसाकडे बघत राहिली.