घटाखालची परडी

“दोन पावसाळे गेले की वरून, बाबा. अजून कसं जाईना ते?”

इंद्रभाननं तिसऱ्यांदा तेच विचारलं. मठातल्या घटासमोर तो सकाळपासून बसून होता, आणि नुसतं बसूनच दमला होता.

केवळगिरी बाबा वाती वळत राहिले.

मठाचा घट इंद्रभानच्या घरच्या मातीवर बसायचा, तीन पिढ्यांपासून. परडीत ती माती, मातीत पाच धान्यं. दसऱ्याला गाव येऊन कोंब बघणार आणि जे जोमात असेल ते रब्बीला पेरणार. या मानाचा इंद्रभानला भारी ताठा. नवरात्रात तो पारावर जरा मोठ्यानंच बोलायचा.

यंदा सातवी माळ चढली आणि त्याचा आवाज बसला. ज्वारी तेवढी उभी होती. गहू आडवा झालेला, हरभऱ्याचे कोंब टोकाला करपलेले. परडीतली माती उसाच्या रानातली; तिथं दोन वर्षांमागं मारलेलं तणनाशक अजून तिच्यात मुरून होतं.

“दुसरी परडी आणलीय,” इंद्रभान हळूच म्हणाला. “ओढ्याकाठच्या मातीतली. कोंब झकास हायेत. तेवढी बदलू द्या.”

“ही कधी पेरलीस?”

“…पहिल्या माळेलाच.”

बाबांनी वात खाली ठेवली. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

“उसाचं ते रान आता कुणाचं?”

“केरबाचं. धाकटा भाऊ हाय, म्हणून वाटणीत पाण्याजवळचं त्याला सोडलं.”

“फवाऱ्याचं बोललास त्याला?”

इंद्रभान जमीन बघू लागला.

“तो काय पेरणार?”

“घट बघून ठरवतो म्हणालाय… हरभरा म्हणतोय.”

समईवर एक माशी घोंघावत होती.

“बदल,” बाबा म्हणाले.

इंद्रभानचा जीव भांड्यात पडला. बाबांचं मन फिरायच्या आत त्यानं घट अलगद उचलून पाटावर ठेवला, नवी परडी आत सरकवली, तिच्यावर घट बसवला आणि जुनी हातात घेऊन उभा राहिला.

“ही कुठं टाकू?”

“अंगणात झेंडूचा वाफा आहे. त्यात.”

“नको, नको! दसरा तोंडावर आलाय. समदा झेंडू जळंल.”

“मग दोडक्याच्या आळ्यात.”

“भरलेला वेल हाय, बाबा. कशाला त्याचा घात करायचा?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा कापूस हातात घेतला.

“बिचारा केरबा,” ते म्हणाले. “झेंडू असता तर वाचला असता.”